तिसऱ्या चित्रातली शीर

बिरनाळेंनी ट्रे पुढे धरला आणि म्हणाले, “लोखंडाचं, पितळेचं, काय असंल ते सगळं यात टाका. मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक आहे. खिशातली सुई पण ओढून घेतंय.”

बाबालाल शिकलगारांनी खिसे रिकामे करायला घेतले आणि ते काही लवकर संपेनात. एक छोटी कानस. तिच्याहून छोटी दुसरी कानस. पितळी तारेचं वेटोळं, पोलादी तारेचं वेटोळं, पुडीत बांधलेले हाडाचे तुकडे, तपकिरीची डबी, किल्ल्या. शेवटी वरच्या खिशातून पांढऱ्या सुताची गुंडी निघाली. ती मात्र त्यांनी ट्रेमध्ये टाकली नाही, मुठीत धरली.

“हे नुसतं सूत आहे. राहू दे का?”

“राहू दे की. सुताला काय करतंय मशीन?”

“हात रिकामा राहिला की मला करमत नाही,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. जणू परवानगी मी द्यायची होती.

मी काचेच्या अलीकडे संगणकापाशी बसले होते आणि घड्याळ बघत होते. या गृहस्थांनी आधीच माझा अर्धा तास खाल्ला होता. तारा घासणाऱ्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा कण अडकलेला असू शकतो म्हणून बिरनाळेंनी त्यांना आधी डोळ्यांच्या एक्स-रेला पिटाळलं होतं. तेव्हा मला तो बिरनाळेंचा फाजील सोवळेपणा वाटला होता. सत्तावीस वर्षांची होते मी, पुण्याहून एमटेक करून आले होते, आणि जगात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे वेळ घालवणं अशी माझी समजूत होती.

गाव मिरज. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण त्या इमारतीचा यात काही दोष नाही. तिथल्या एमआरआय विभागाच्या प्रमुख डॉ. इनामदार मॅडम. त्यांनी मला एका संशोधन प्रकल्पासाठी दोन वर्षांवर घेतलं होतं. काम एकच, मशीनचा वेग वाढवायचा. बिरनाळे तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. ते मला दातारताई म्हणायचे आणि माझ्या प्रोग्रॅमला ‘तुमची गडबड’ म्हणायचे.

“कानाला काय होतंय?” मी माइकवरून न विचारता उठून आत जाऊनच विचारलं. अर्ध्या तासाच्या नुकसानीनंतर आणखी दोन मिनिटांनी काय बिघडणार होतं?

“डाव्या कानात भाता चालतोय. छातीत ठोका पडला की इथं फुस्स. परत ठोका, परत फुस्स. पाच महिने झाले.”

“ऐकू कमी येतं का?”

“नाही, ऐकू येतंय. माणसं बोललेली येतात, गाडीचा हॉर्न येतो.” त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. “जवारी ऐकू येत नाही.”

त्यांची मुलगी नसीम दाराशी उभी होती. पंचविशीची असेल. ती म्हणाली, “अब्बा तंबोरे करतात. सतारमेकर गल्लीत दुकान आहे आमचं. पाच महिन्यांत एक तंबोरा बाहेर गेलेला नाही.”

जवारी म्हणजे काय ते मला ढोबळ माहीत होतं. त्यांनी ते नीट सांगितलं. तंबोऱ्याच्या घोडीवरून, म्हणजे तारांखालच्या हाडी पट्टीवरून, तार जाते तिथला माथा कानशीने असा घासायचा की तार त्याला नुसती शिवून जाईल. मग तारेखाली सूत घालायचं आणि केसाएवढं पुढंमागं सरकवत राहायचं. एका जागी आवाज उघडतो, बंद खोलीची खिडकी उघडावी तसा. तिथे सूत ठेवायचं. याला मोजमाप नाही, खूण नाही, फक्त कान. सांगताना त्यांचा उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मुठीतलं सूत चाचपत होती. बोटं खरखरीत, पण हालचाल इतकी हलकी की सूत जागचं हलतंय का नाही ते कळू नये.

“आणि तुमचं मशीन काय करणार?” त्यांनी विचारलं.

मला कुणी हा प्रश्न विचारला की मी खुलायचे. मी त्यांना सांगितलं, दंडात एक औषध टोचायचं. ते रक्तातून डोक्यात जातं. आधी धमन्या उजळतात, मग पाचसहा सेकंदांनी रक्त परत नेणाऱ्या शिरा उजळतात. कुणाच्या डोक्यात धमनीतून थेट शिरेत जाणारी एखादी चोरवाट तयार झालेली असते. तसं असलं तर ती शीर वेळेआधीच उजळते, आणि त्या वाटेने धावणाऱ्या रक्ताचा आवाज कानात येतो.

“म्हणजे आधी कोण आणि मागून कोण, ते बघायचं.”

“बरोबर. पण मशीनला एक पूर्ण चित्र काढायला आठ सेकंद लागतात. तेवढ्यात रक्त जाऊन परतसुद्धा येतं. म्हणून मी एक युक्ती केलीय.” मी आता रंगात आले होते. “चित्राचा ढोबळ भाग दर वेळी ताजा घ्यायचा. बारकावे मात्र चित्रांनी आपापसांत वाटून घ्यायचे. थोडे मागच्या चित्राकडून, थोडे पुढच्याकडून. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो ना, तसं. मग दर दोन सेकंदांना एक स्वच्छ चित्र मिळतं.”

ते विचारात पडलेले दिसले. मला वाटलं, अजून सोपं करावं.

“तंबोऱ्याचंच घ्या. चार तारा तुम्ही एकामागून एक छेडता. पहिलीचा नाद संपायच्या आत दुसरी, दुसरीचा संपायच्या आत तिसरी. ऐकणाऱ्याला सलग एकच नाद वाटतो. तसंच हे.”

माझ्या या दाखल्यावर मी इतकी खूश झाले की पुढे दोनदा तो भाषणात वापरायचंही ठरवून टाकलं.

बाबालाल म्हणाले, “म्हणजे तिसरी तार वाजताना दुसरीचा आवाज तिच्यात असतोच.”

“असतो थोडा.”

“आणि एखादी बिघडलेली असली तर?”

“तर काय?”

“तर ती चौघींना बिघडवते. चारी छेडून कुठली बिघडली ते कळत नाही बाई. म्हणून मी जवारी काढताना बाकीच्या तिघींवर हात ठेवतो आणि एकेक तार एकटी ऐकतो. तुमच्या मशीनला तसं येतं का, एकटं चित्र?”

“येतं,” मी म्हणाले. “पण फार अंधुक येतं. बघवत नाही.”

“अंधुक असू दे की. त्याचं स्वतःचं असतं ना?”

बिरनाळे हसले. मीही हसले, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि बाहेर आले. म्हाताऱ्याचं डोकं तल्लख आहे, असं मनात म्हटलं. त्यापलीकडे काही नाही.

तपासणीला वीस मिनिटं लागली. औषध गेलं, माझा प्रोग्रॅम चालला, पडद्यावर चित्रं एकामागून एक येऊ लागली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझ्या प्रोग्रॅमने छापलेला वेळ होता. दोन सेकंद, चार सेकंद, सहा सेकंद. तो आकडा मी मोठ्या हौसेने कोपऱ्यात घातला होता. त्या चित्रात आठ सेकंदांचा माल मिसळलेला असतो, हे मात्र तिथे कुठे लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर रुबाब राहिला नसता.

तिसऱ्या चित्रात, डाव्या कानामागे, एक शीर उमटली होती. सहा सेकंद. धमन्या नुकत्याच उजळल्या होत्या, उजवीकडची शीर अजून काळी होती.

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. चाळीस धडधाकट माणसांची डोकी तपासून झाली होती. नर्सिंगच्या मुली, वॉर्डबॉय, स्वतः मी. सगळ्यांचं सगळं ठीक. ज्याच्या डोक्यात काहीतरी आहे आणि जे फक्त माझ्या युक्तीनेच सापडलं असा एक माणूस मला हवा होता. बेंगळुरूच्या परिषदेला निबंध पाठवायची मुदत आठवड्यावर आली होती. आणि हा माणूस खिशातल्या कानशी ट्रेमध्ये टाकून आपणहून आत येऊन झोपला होता.

“ताई,” बिरनाळे माझ्या मागून वाकून बघत म्हणाले, “ह्या शिरेच्या कडा पांढऱ्या आहेत. आत काळं आहे.”

“मग?”

“मग, कृष्णेला पाणी येतंय ते काय आधी काठाकाठानं येतंय होय? आधी मधी धार येते, मग काठ भरतात. ही शीर उलटी कशी भरली?”

“ते रिझोल्युशनमुळे असतं, बिरनाळे.”

रिझोल्युशनमुळे तसं का असावं, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण तो शब्द उच्चारला की बिरनाळे गप्प बसतात, हा अनुभव होता. ते काचेतून आत बघू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, “साधी तपासणी अजून एकदा करून बघू का? पेशंट टेबलावरच आहे. उतरवल्यावर परत चढवायला नको.”

“औषध एकदा गेलंय. लगेच परत देता येत नाही.”

हे मात्र खरं होतं. बिरनाळेंनी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, “झालं बघा मामा, आता उठायचं.”

इनामदार मॅडम आल्या, चष्मा कपाळावरून खाली घेतला, तिसरं चित्र मोठं करून पाहिलं. त्या फार हुशार बाई होत्या आणि माझ्यावर त्यांचा जीव होता. एक खरं की त्यांनी माझ्यावर जेवढा विश्वास टाकला तेवढा माझ्या वडिलांनीही टाकला नसेल.

“सहा सेकंदांना?” त्यांनी विचारलं.

“सहा सेकंदांना.”

“दातार, आपल्याला केस मिळाली.” त्यांनी माझी पाठ थोपटली. “मी पुण्याच्या डॉ. देसाईंशी बोलते. मांडीतून नळी घालून पक्कं करतील आणि सापडलं तर तिथल्या तिथे बंद करतील. बिचाऱ्याचा कान सुटेल.”

जेवायला मी गेले खरी, पण घास घोळत राहिला. काठाकाठानं येणारं पाणी डोक्यातून जाईना. आणि त्याच्या मागोमाग तो तिघींवर हात ठेवून एकटी तार ऐकणारा माणूस. मी डबा अर्धा टाकून परत आले. विभागात सामसूम होती. बिरनाळे संगणकाच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून पेपर वाचत होते.

पेशंटला परत बोलवायची गरजच नव्हती. मशीनने गोळा केलेला सगळा कच्चा माल संगणकात होता. उसनवारी बंद करायची, प्रत्येक चित्राला फक्त त्याचं स्वतःचं ठेवायचं, एवढंच. प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची. मी ती बदलली, नव्या फाइलला ‘एकेक’ असं नाव दिलं आणि बटण दाबलं.

चित्रं अंधुक आली. ओल्या काचेतून बघावं तशी. पण धमन्या ओळखू येत होत्या आणि शिराही. पहिलं, दुसरं. तिसऱ्या चित्रात डाव्या कानामागे काही नव्हतं. चौथ्यातही नव्हतं. पाचव्यात डावी शीर उजळली आणि तिच्या पाठोपाठ सहाव्यात उजवीही. दोघी आपापल्या वेळेला, जशा कुणाच्याही डोक्यात उजळतात तशा.

म्हणजे तिसऱ्या चित्राने पुढच्या, पाचव्या चित्राकडून बारकावे उसने घेताना शिरेचा काठही उसना आणला होता. पाणी अजून यायचं होतं आणि नदीचे काठ आधीच काढून ठेवले होते माझ्या प्रोग्रॅमने.

हे सगळं मला तेव्हाच, त्या खुर्चीत कळलं. नंतर कळलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. तेव्हा मी स्वतःशी म्हटलं की अंधुक चित्रावर भरवसा कसा ठेवायचा, बारीक शीर त्यात दिसणारच नाही. ती शीर बारीक नव्हती. करंगळीएवढी रुंद होती. मी फाइल बंद केली.

तरीही मी मॅडमच्या खोलीत गेले. एवढं माझ्या बाजूने सांगायला हवं. सांगायच्या इराद्यानेच गेले होते. त्या फोनवर होत्या. डोळ्यांनी मला बस म्हणाल्या आणि फोनमध्ये म्हणाल्या, “नाही हो देसाई, नेहमीच्या तपासणीत हे दिसलंच नसतं. आमच्या दातारने केलंय सगळं. माझ्यासमोरच बसलीय, लाजतेय.” मी खरंच लाजत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “काही होतं का गं?”

“नाही. रिपोर्ट झाला का, ते विचारायला आले होते.”

“झाला की. सोमवारी बोलावलंय त्यांना पुण्याला.”

बाहेर व्हरांड्यात नसीम उभी होती, हातात अब्बांच्या वस्तूंची पिशवी घेऊन. तिने मला थांबवलं.

“बाई, अब्बा भिले आहेत. तोंडानं बोलत नाहीत. मला म्हणाले, त्या मशीनच्या बाईंना विचार.”

“काय?”

“मांडीतून नळी घालतात म्हणे डोक्यापर्यंत. हाताला काही होणार नाही ना, एवढंच विचार म्हणाले. कानाचं काय व्हायचं ते होऊ दे, हात राहिला पाहिजे.”

“शंभरात एखाद्याला त्रास होतो. तोही बहुतेक वेळा थोडा.”

“आणि नाही गेलं तर चालेल का? थांबून बघितलं तर?”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला डॉक्टर आणि इंजिनिअर यातला फरक ठाऊक नव्हता आणि मीही तो सांगितला नाही. पलीकडच्या बाकावर बाबालाल बसले होते. सूत त्यांच्या बोटात तसंच होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवावी तशी.

“जायला पाहिजे,” मी म्हणाले.

सोमवारी ते पुण्याला गेले. बुधवारी दुपारी मॅडमनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. चोरवाट वगैरे काही नव्हतं. शीर मुळातच रुंद होती आणि कानाच्या हाडाला लागून जात होती, म्हणून आवाज. निरुपद्रवी. पण नळी मानेतून वर जाताना धमनीच्या भिंतीवरचा एक कण सुटला आणि मेंदूत जाऊन अडकला. उजवा हात गेला होता. बोलणं थोडं जड झालं होतं, ते सुधारेल. हाताचं सांगता येत नव्हतं.

“तिथल्या लोकांनी सगळं व्यवस्थित केलं,” मॅडम म्हणाल्या. “होतं असं कधी कधी. फॉर्मवर लिहिलेलंच असतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. आपण संशय आहे एवढंच लिहिलं होतं.”

कुणी चौकशी केली नाही. कुणी मला एक प्रश्न विचारला नाही. मी निबंध पाठवला नाही, पुरेशा केसेस नाहीत असं कारण मॅडमना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या की तू फार हळवी आहेस. बिरनाळे मला काही बोलले नाहीत. नदीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच बोलले नसतील.

त्यानंतर आठ महिन्यांनी प्रकल्प संपला. मिरज सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी मी सतारमेकर गल्लीत गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. रिक्षात बसल्या बसल्या दोनदा म्हणूनही पाहिलं.

दुकान लहान होतं. वर आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली भुसा. नसीम एका तंबोऱ्यापुढे मांडी घालून बसली होती, हातात तीच छोटी कानस. बाबालाल तिच्या शेजारी उजवा कान तंबोऱ्याकडे करून बसले होते. उजवा हात मांडीवर होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा.

“या बाई,” ते म्हणाले. शब्द जरा ओढत येत होते. “नसीम, चहा सांग.”

“नको, मी लगेच निघणार आहे.”

“निघा की. चहा पिऊन निघा.”

चहा आला. मी विचारलं, कानातला आवाज कसा आहे. ते म्हणाले, आहे तिथंच आहे. निरुपद्रवी आहे म्हटल्यावर त्याची भीती गेली. आता हा कान करतो काम आणि हिचे हात करतात. आमच्या गल्लीत कुठली बाई आजवर जवारीला बसली नव्हती. भावकीतले नावं ठेवतात. ठेवू देत.

“जमतंय का?” मी नसीमला विचारलं.

“अब्बा शिव्या देतात, म्हणजे जमत असणार,” ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. पाठ केलेलं पहिलं वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात बाबालालच म्हणाले, “एक विचारायचं होतं तुम्हाला. पुण्याला पडल्या पडल्या आठवत होतं. तुम्ही म्हणाला होता, मशीनला एकेक चित्र एकटं काढता येतं. अंधुक.”

“हो.”

“ते काढलं होतं का?”

नसीमची कानस थांबली. बाबालाल माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एका कारागिराने दुसऱ्याला कामाचं विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी ज्यासाठी आले होते ते समोर वाढून ठेवलेलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “राहून गेलं. घाई झाली माझी. काढायला हवं होतं.”

त्यांनी मान हलवली, सावकाश, दोनतीनदा.

“होतंय,” ते म्हणाले. “मी पण गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून चारी तारा एकदम छेडून तंबोरा दिलाय कधी कधी. एकेक ऐकायचा कंटाळा केलाय. ऐकलंच नाही तर कळणार कसं? त्यात काय पाप आहे.” मग म्हणाले, “ऐकून पण तसाच दिला असं मात्र कधी केलं नाही.”

हे ते मला म्हणाले नव्हते. स्वतःबद्दल म्हणाले होते, साधेपणाने. मी चहाचा कप पुन्हा उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

निघताना नसीम दारापर्यंत आली. तिच्या मागे बाबालालांचा आवाज आला, “चल, परत बस. खर्जाची तार ऐकव. बाकीच्यांवर हात ठेव.” मी गल्लीच्या टोकापर्यंत तो एकच नाद ऐकत गेले.

याला आता पंधरा वर्षं झाली. मी पुण्याला एका कॉलेजात शिकवते. उसनवारीची ती युक्ती आता माझ्याहून हुशार लोकांनी कितीतरी सुधारली आहे, आणि चित्रात किती सेकंदांचा माल आहे हेही ते लिहितात. मुलांना मी ते पहिल्याच तासाला सांगते. तंबोऱ्याचा दाखला देत नाही. ‘एकेक’ नावाची फाइल मी चार संगणक बदलले तरी प्रत्येकावर उतरवून घेतली आहे. उघडत नाही.

गेल्या वैशाखात एक फोन आला. नंबर अनोळखी होता. नसीम बोलत होती. अब्बा गेले, चाळीसाव्याचं कालच झालं, तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं, म्हणाली. तुमचा नंबर दुकानाच्या वहीत तुम्हीच लिहून गेला होता. दुकान आता तीच चालवते. तिच्या हाताखाली आणखी दोन मुली शिकतात.

मी जे बोलायचं असतं ते बोलले. फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, “अब्बा तुमचं नाव काढायचे, बाई. कुणी त्यांच्या हाताचा विषय काढला, डॉक्टर लोकांना बोल लावला, की म्हणायचे, सगळे तसले नसतात. ती दातारबाई घरी येऊन बसली. माझी चूक झाली म्हणाली. एवढ्या लोकांत तेवढी एकटी खरं बोलली.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाई? आहात ना?”

“आहे,” मी म्हणाले. मग तिने माझ्या घरची चौकशी केली, मी दुकानाची केली, आणि फोन ठेवला.